मिशन ट्रिपवर मन खचलं तर काय करायचं: पावसाळ्यात मेळघाटात जाणाऱ्या टीमसाठी

जून संपत आला की आमच्या नगरकडच्या मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चमधून, कोणती ना कोणती टीम मेळघाटात जायला निघते आणि मला फोन सुरू होतात, मावशी गोळ्या कोणत्या घेऊ, मावशी मच्छरदाणी लागेल का, मावशी तिकडे रेंज येते का. मी नर्स होते, आता रिटायर, त्यामुळे गोळ्यांची लिस्ट मी झोपेतसुद्धा सांगते. पण एक गोष्ट कुणीच विचारत नाही आणि खरी गाडी तिथेच अडते, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मन बसलं, प्रार्थनेला तोंडच उघडेना, आणि आपण इथे कशाला आलो असं वाटायला लागलं तर काय करायचं? म्हणून हे लिहून काढतेय. मी मेळघाटाबद्दलच बोलणार कारण मला तेच माहितीय, तुमची टीम डांगला किंवा गडचिरोलीला जात असेल तर नद्यांची नावं बदला, बाकी बरंचसं तसंच आहे.

आधी कुठे जाताय ते नीट समजून घ्या. धारणी आणि चिखलदरा हे अमरावती जिल्ह्यातले दोन तालुके म्हणजे मेळघाट. सातपुडा, सागाचं जंगल, व्याघ्र प्रकल्प, आणि त्यात कोरकू लोकांची गावं. मोठा बाजार म्हणजे परतवाडा, त्यानंतर घाट लागतो आणि फोन हळूहळू मुका होतो. सिपना, गडगा, खापरा या नद्या फुगल्या की लहान पूल पाण्याखाली जातात आणि गावं तुटतात, कधी दोन तास तर कधी दोन दिवस. आणि पावसाळा म्हणजे तिकडचे सगळ्यात वाईट महिने, घरातलं धान्य संपत आलेलं, नवीन अजून शेतात, आई-बाप दिवसभर निंदणीला आणि घरी लेकरं, त्यात हगवण, न्यूमोनिया, मलेरिया. बाळांची वजनं याच दिवसांत उतरतात. पेपरात मेळघाटच्या बालमृत्यूच्या बातम्या येतात त्या बहुतेक याच दिवसांतल्या.

म्हणजे आपण मुद्दाम सगळ्यात कठीण काळ निवडून जातो, मदत तेव्हाच लागते म्हणून. हे टीमला निघायच्या आधी स्पष्ट सांगा. तरुण संघाच्या मीटिंगमध्ये धबधब्यांचे फोटो आणि नाचणारी मुलं दाखवून पोरांना तयार केलं की ती तिथे गेल्यावर चक्रावतात, आणि मग त्यांना वाटतं आपलाच विश्वास कमी पडला.

निघायच्या आधी

पहिलं काम, टार्गेटचा कागद फाडून टाका. इतक्या गावांत सुवार्ता, इतके पेशंट, इतक्या लोकांनी येशूला स्वीकारतो म्हणून हात वर केले असला कागद कमिटीला आवडतो, पण ज्याची आशा त्या आकड्याला बांधलेली असते तो पहिला पाऊस लागला की खाली येतो. कॅम्पला वीस माणसं येतील धरून गेलात आणि पेरणीमुळे चारच आली, तर त्या चार माणसांकडे बघायचं सोडून टीम रिकाम्या खुर्च्या मोजत बसते. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता राग पण येत नाही.

दुसरं, औषधाचं टेबल आणि प्रचार एकत्र करायचा नाही. औषध घेतलंत तर आता हे पत्रक घ्या, वजन केलंत तर आता प्रार्थनेला बसा, असलं काही नको. कायद्याची बाजू आहेच, आमिष दाखवून धर्मांतर करण्याविरुद्धचा कायदा ओडिशात १९६७ पासून आहे आणि शेजारच्या मध्य प्रदेशात १९६८ पासून, आणि धारणीहून मध्य प्रदेशची हद्द काही लांब नाही. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. उपाशी लेकराची आई तुमच्या कोणत्याही वाक्याला हो म्हणेल, त्या होकाराचं प्रभूला काय करायचंय? आणि याचा तुमच्या मनाशी पण संबंध आहे. ज्या टीम अशी देवाणघेवाण करतात त्यांना रात्री आतून फार रिकामं वाटतं, त्यांना स्वतःला कारण कळत नाही पण वाटतं. जे द्यायचं ते मोकळ्या हाताने द्या, कुणी आपणहून विचारलं की तुम्ही हे का करता तर खरं ते सांगा, बस.

सरपंच, प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी सेविका, आशाताई यांना आधी कळवा आणि त्यांच्या सोयीने जा. तुम्ही आठवडाभराचे पाहुणे, त्या बाराही महिने तिथे.

तिसरं, वचनं कोणती न्यायची ते घरूनच ठरवा. आपण नेहमी हिमतीची वचनं नेतो, सिंह-गरुड, पर्वत हलवणे वगैरे. ती राहू द्या पण सोबत स्तोत्रसंहितेतलं १३वं, ४२वं आणि ८८वं स्तोत्र वहीत हाताने उतरवून घ्या, कारण चार्जिंगचा भरवसा नसतो आणि ओल्या हाताने फोनवर स्तोत्र शोधणं जमत नाही. विलापगीताचा तिसरा अध्याय पण उतरवा. ही का, ते पुढे सांगते.

आधी जेवा, मग प्रश्न विचारा

पहिले दोन दिवस सगळे खूश असतात. तिसऱ्या दिवशी कपडे वाळलेले नसतात, कुणाचं तरी पोट बिघडलेलं असतं, शाळेच्या खोलीत जमिनीवर झोपून पाठ आखडलेली असते, आणि नेमकं त्याच दिवशी कुणीतरी म्हणतं की मला देवाची उपस्थिती जाणवत नाहीये. अशा वेळी लगेच गुडघ्यावर बसवू नका. आधी विचारा, बाळा शेवटचं कधी जेवलास, पाणी किती प्यायलास, रात्री झोपलास का.

एलीयाची गोष्ट काढून बघा, १ राजे १९. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला माणूस पुढच्याच अध्यायात रानात एका झुडपाखाली पडून म्हणतो की परमेश्वरा, आता पुरे, माझा जीव घे. आणि देवदूत येतो तो एका शब्दानेही उपदेश करत नाही. उठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं, एवढंच. एलीया खातो आणि परत झोपतो, तरी देवदूत रागावत नाही, परत उठवतो आणि परत खायला घालतो, कारण पुढची वाट झेपणार नाही म्हणून. देवाशी बोलणं, तो मंद वाणीचा भाग, हे सगळं त्याच्यानंतर, होरेबपर्यंतची चाळीस दिवसांची वाट चालून गेल्यावर. आपल्या टीम हा क्रम उलटा करतात, रात्री अकरापर्यंत जागरण-प्रार्थना आणि सकाळी सहाला उपाशीपोटी डिव्होशन, आणि मग चौथ्या दिवशी सगळ्यांची आत्मिक अवस्था बिघडली म्हणून चिंता.

मी तर सरळ नियम ठेवते. उकळलेलंच पाणी, जुलाब लागले की आधी ओआरएस, रात्री साडेनऊला कंदील कमी. आणि अंधार पडल्यावर मोठे प्रश्न काढायचे नाहीत, मी या सेवेला लायक आहे का, देव आहे का, हे सकाळी चहानंतर विचारायचे. निम्मे प्रश्न सकाळी उरतच नाहीत. उरतात ते खरे, त्यांना वेळ द्यायचा. येशूने पण शिष्यांना सांगितलं होतंच की, जरा एकांतात चला आणि विसावा घ्या, कारण लोकांच्या येण्याजाण्यात त्यांना जेवायला सुद्धा सवड मिळेना (मार्क ६). तेव्हा मधला एक अर्धा दिवस काही न करण्यासाठी राखून ठेवा, आणि कमिटीला अहवालात तसं लिहायला लाजू नका.

गाऱ्हाणं देवापुढे मांडायला शिका

आता उरलेल्या प्रश्नांकडे येते.

आपल्याकडे गाऱ्हाणं करणं म्हणजे विश्वासात कमी असा एक समज आहे, प्रार्थना कशी पाहिजे तर धन्यवादाने सुरू आणि विजयाने शेवट. पण स्तोत्रसंहिता उघडा, दीडशे स्तोत्रांत केवढी तरी नुसती रडणारी, भांडणारी आहेत. तेराव्यात दावीद सुरुवातच करतो, परमेश्वरा, कुठवर? मला कायमचा विसरणार का? सहाच वचनांचं स्तोत्र, शेवटी कसाबसा भरवशावर येऊन टेकतो. आणि ८८वं तर टेकतही नाही, त्याचा शेवट अंधारात होतो, पुढे काही नाही. तरी ते शास्त्रात ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही. ज्याला देवाबद्दल काही आशाच उरली नाही तो देवाशी भांडत नाही, गप्प बसतो किंवा निघून जातो. भांडणारा माणूस अजून दारात उभा आहे.

हे प्रत्यक्षात कसं करायचं? संध्याकाळी जेवणाआधी सगळे बसतात तेव्हा प्रत्येकाने वहीत तीन ओळी लिहायच्या, आज काय बोचलं, काय कळलं नाही, देवाकडे काय मागायचंय. ज्याला वाचायचं तो वाचेल, नाहीतर वही मिटेल. लीडरने पहिल्यांदा स्वतःचं वाचायचं आणि गुळगुळीत वाचायचं नाही. वाचून झाल्यावर कुणी उत्तर द्यायचं नाही, कुणी वचन फेकायचं नाही, हालेलुया म्हणून विषय बंद करायचा नाही. मग एकाने स्तोत्र सावकाश वाचायचं. मग जेवण. पहिल्या संध्याकाळी फार अवघडल्यासारखं होतं, पोरं एकमेकांकडे बघून हसतात, दुसऱ्या दिवशी पण हसतात, पुढे हसत नाहीत.

विलापगीताबद्दल. त्याची करुणा रोज सकाळी नवी होते हे वचन आपल्या कॅलेंडरवर असतं, कपावर असतं, गुड मॉर्निंगच्या फोटोवर असतं. पण ते कुठे लिहिलंय बघा. यरुशलेम पडलंय, आणि दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात तान्ही बाळं रस्त्यात मूर्च्छित पडतात, आयांना विचारतात धान्य कुठे आहे, भाकर मागतात आणि कुणी मोडून देत नाही. ते कपावरचं वचन या दोन अध्यायांच्या मधोमध आहे. मला हे नगरमध्ये माझ्या घरी वाचून इतक्या वर्षांत कधी लागलं नव्हतं, चिखलदऱ्याच्या पावसात वाचलं तेव्हा लागलं. म्हणून म्हणते अध्याय पूर्ण उतरवा, एक ओळ नको.

बाळ दगावलं तर

हे लिहायला नको वाटतं पण लिहिल्याशिवाय बाकीचं सगळं फुकट आहे.

अंगणवाडीत आम्ही दंडघेर मोजत होतो. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बाळाच्या दंडाला एक कागदी पट्टी गुंडाळतात, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आलं तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. एक आई बाळाला घेऊन आली, हातावर गोंदण, हिरव्या बांगड्या, पदरात बाळ असं गुंडाळलेलं की आधी आहे की नाही तेच कळेना. पट्टी लावणारा आमच्या टीममधला इंजिनीअरिंगचा पोरगा होता. त्याने पट्टी ओढली, लाल, त्याला वाटलं आपण चुकीची लावली म्हणून परत लावली, परत लाल. बाळाच्या पोटावर चटक्यांचे डाग होते, पोट फुगलं की तापलेल्या लोखंडाने डागायची पद्धत आहे तिकडे अजून. सेविकेने आवाज न चढवता आईशी कोरकूत काहीतरी बोलून तिला दवाखान्यात जायला तयार केलं, यात तास गेला, आणि मग पूल पाण्याखाली होता. पाणी उतरेपर्यंत सेविका त्या बाळाला चमच्याचमच्याने दूध पाजत होती आणि आमचा पोरगा छत्री धरून उभा, छत आहे डोक्यावर तरी छत्री उघडलेली, त्याच्या लक्षातच नाही. गाडी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला की बाळ गेलं.

त्याने मला एकच विचारलं, मावशी मी रात्रभर प्रार्थना केली होती ना.

मी उत्तर दिलं नाही कारण माझ्याकडे नव्हतं, अजून नाही. अशा वेळी काय करायचं नाही ते मात्र मला पक्कं माहितीय. देवाची काहीतरी योजना असेल असं बोलायचं नाही. देवाला ते फूल हवं होतं म्हणून नेलं, हे तर कधीच नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर ते चांगले मित्र होते, तोंड उघडलं आणि बिघडलं. आईच्या घरी सेविका चला म्हणाली तरच जायचं, आणि गेलात तर दाराशी बसायचं. फोटो नाही, ग्रुपवर मेसेज नाही, परत आल्यावर मंडळीपुढे अनुभव सांगतो त्या साक्षीत तिचं नाव नाही. टीममधल्या ज्याला लागलंय त्याला एकटा सोडायचा नाही आणि त्याच्या मागेही लागायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला हातपंपावर पाणी भरायला नेलं, मग सेविकेकडे जाऊन विचारलं की आज काय काम आहे, तिने यादी काढली, वाडीवरची सात घरं राहिलीत म्हणाली. आम्ही गेलो. पट्टी त्यानेच लावली.

आशा म्हणजे बरं वाटणं अशी माझी पण कधीकाळी समजूत होती. आता मला वाटतं, त्या सकाळी तो पोरगा पट्टी घेऊन निघाला ती आशाच होती आणि त्याला बरं अजिबात वाटत नव्हतं. पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीलाच सांगून टाकतो की आसियात आमच्यावर इतका भार आला की आम्ही जगायची सुद्धा आशा सोडली होती. हे तो शुभवर्तमान सांगणाऱ्या प्रवासातच लिहितोय. त्याने ते लपवलं नाही, तुम्ही पण नका लपवू.

संध्याकाळी गोष्टी सांगा, पण मधल्या

मंडळीत आपण मिशनऱ्यांच्या गोष्टी शेवटाकडून सांगतो, म्हणजे हॉस्पिटल उभं राहिलं, शाळा झाली, इतके आत्मे मिळाले. ट्रिपवर त्याने काही होत नाही, उलट पोरांना आपण किरकोळ वाटायला लागतो. मधला भाग सांगा, जिथे त्यांना स्वतःला पुढचं काही माहीत नव्हतं.

विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालात आला. पुढच्याच वर्षी त्याचा लहान मुलगा पीटर वारला, बायको डोरोथीचं मन कायमचं ढळलं, आणि पहिला बाप्तिस्मा झाला तो १८०० च्या डिसेंबरात, सात वर्षांनी. आपल्याला केरी जवळचा कारण मराठीचं व्याकरण त्याने १८०५ मध्ये छापलं. मग मार्च १८१२ मध्ये श्रीरामपूरच्या (आपल्या नगरचं नाही, बंगालातलं) छापखान्याला आग लागली आणि त्याच्या कितीतरी हस्तलिखितांची राख झाली, तो परत पहिल्या पानापासून बसला. त्याच वर्षी हॅरिएट न्यूएल नावाची अमेरिकन मुलगी नवऱ्याबरोबर कलकत्त्याला उतरली, कंपनी सरकारने थांबू दिलं नाही, बोटीवर मूल झालं ते काही दिवसांत गेलं आणि मॉरिशसला ती पण गेली, वय एकोणीस. एक दिवसही सेवा नाही. नवरा सॅम्युएल पुढे मुंबईच्या मराठी मिशनमध्ये आला आणि १८२१ मध्ये कॉलऱ्याने वारला. नगरची, वडाळ्याची आपली जुनी मंडळी त्याच मिशनच्या कामातून उभी राहिली, हे त्या दोघांपैकी कुणाला बघायला मिळालं नाही. ही गोष्ट सांगितल्यावर मी काही तात्पर्य काढत नाही, पोरं आपापली काढतात.

आणि पंडिता रमाबाई. त्यांच्यावर तर मी संध्याकाळभर बोलू शकते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रानोमाळ भटकताना आई, वडील, मोठी बहीण गेली, मग १८८० मध्ये भाऊ, आणि १८८२ मध्ये लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा नवरा, कडेवर मनोरमा. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या, म्हणजे आपल्या मेळघाटाच्या शेजारच्याच मुलखात, आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. स्वतःच्या उपासमारीची आठवण त्यांना परत त्याच ठिकाणी घेऊन गेली, पळून लांब नाही नेलं. आणि शेवट गोड वगैरे नाही, १९२१ मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली, तेव्हा रमाबाईंचं बायबलच्या भाषांतराचं काम चालूच होतं, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

कॅथलिक मित्र टीममध्ये असतील तर मदर तेरेसांचं सांगा. त्यांची पत्रं २००७ मध्ये लोकांपुढे आली त्यात दिसलं की कित्येक दशकं त्यांना आतून देव जाणवतच नव्हता, नुसता कोरडेपणा, आणि रोज पहाटे उठून त्याच कामाला जात होत्या. काही लोकांना याचा धक्का बसला. मला तर हायसं वाटलं.

घ्यायला शिका

आपण सगळे द्यायच्या तयारीने जातो आणि म्हणून लवकर थकतो. कोरकू आजीने मक्याची भाकर आणि कसली तरी रानभाजी पुढे ठेवली तर आमचं जेवण झालंय म्हणू नका. तिच्या घरात धान्य कमी आहे हे तुम्हाला माहितीय म्हणून नको म्हणता, ते मला कळतं, पण थोडं घ्या, चव कशी आहे ते सांगा, भाजीचं नाव विचारा. पाहुण्याला वाढता येणं हा तिचा मान आहे, तो दयेपोटी काढून घेऊ नका.

तिथल्या विश्वासणाऱ्यांना, असतील ती दोन-चार घरं, तुमच्यासाठी प्रार्थना करायला सांगा, त्यांच्या भाषेत. कळणार नाही, नाही कळलं तरी चालतं. माझ्या अनुभवात टीमचं मन सगळ्यात जास्त हलकं होतं ते इथे, कारण आठवड्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या डोक्यावर हात ठेवलेला असतो. आपल्या बाजूने गायचं असेल तर गिटारपेक्षा पेटी-टाळ घेऊन ना. वा. टिळकांचे अभंग गा. एक तर त्यांना वीज लागत नाही. आणि त्या माणसाने पण घरदार, जात, बायको काही वर्षं, सगळं सुटलेलं पाहून मग ते लिहिलेत, त्यामुळे खचलेल्या माणसाच्या तोंडी ते खोटे वाटत नाहीत.

टीममधल्या भांडणांबद्दल थोडक्यात, कारण त्यात नवीन काही नाही. कोण भांडी घासत नाही, कोण कोरडी गादी पटकावतो, कोण प्रार्थना लांबवतो. सूर्य मावळायच्या आत मिटवा असं इफिसकरांस पत्रात लिहिलंय, मी म्हणते रात्रीच्या वरणभाताच्या आत.

कुणी अडवलं तर

रस्त्यात गाडी थांबवून तुम्ही कोण, कशाला आलात असं कुणी विचारू शकतं. शांतपणे उत्तर द्या, आरोग्य केंद्राला कळवल्याची प्रत दाखवा, पोलिसांनी बोलावलं तर जा, गावाने जा म्हटलं तर निघा. वाद नाही, व्हिडिओ नाही, स्टेटसला आमचा छळ होतोय असं तर अजिबात नाही, तुम्ही नगरला परत याल पण तिथल्या त्या चार घरांना तिथेच राहायचंय. येशूने शिष्यांना पाठवताना सांगितलंच होतं, स्वीकारलं नाही तर पायाची धूळ झटकून पुढे चला. लोक ते रागाने वाचतात. मला त्यात मोकळं करणं दिसतं, की त्या गावाचं ओझं आता तुमच्या डोक्यावर नाही. भीती वाटली तर वाटली म्हणा, वहीच्या तीन ओळींत ती पण लिहा.

जेव्हा प्रश्न आशेचा नसतो

हे नर्स म्हणून सांगते, नीट ऐका. घरी आल्यावर दोन आठवडे झाले तरी झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही, सारखं तेच डोळ्यांपुढे येतंय, किंवा मरावंसं वाटतंय, तर याला आत्मिक कोरडेपणा म्हणू नका. डॉक्टरकडे जा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मरायचा विचार मनात आला तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी फोन करा आणि घरात कुणाला तरी सांगा. पाळकसाहेबांना पण सांगा, ते प्रार्थना करतील, पण जे पाळक गोळ्या बंद करा, नुसता विश्वास ठेवा म्हणतात त्यांचं ऐकू नका, मग ते कितीही मोठे असोत. मधुमेहाची गोळी आपण विश्वासाने घेतोच ना.

परत आल्यावर

रविवारी साक्ष द्यायला उभं करतात. तिथे मोठा मोह असतो, सगळं गोड करून सांगायचा, कारण समोर वर्गणी देणारे बसलेले असतात. जे झालं ते सांगा. चारच पेशंट आले तर चार सांगा. बाळ वाचलं नाही तर वाचलं नाही सांगा, नाव-गाव न घेता, आणि मग मंडळीला म्हणा की आता आपण १३वं स्तोत्र मिळून वाचू. काही लोक नाराज होतील. पण मागच्या बाकावर कुणीतरी असतं ज्याच्या घरी असंच काही चालू असतं आणि ज्याने ते कधी कुणाला सांगितलेलं नसतं, तो उपासना संपल्यावर येऊन तुमच्याशी बोलेल.

पहिले काही दिवस घरातलं सगळं चिडवणारं वाटतं, फ्रिज भरलेला, भाजीवरून कुरकुर, लग्नातलं उष्टं. घरच्यांवर ओरडू नका, ते गेले नव्हते. टीमने महिन्याभरात एकदा परत भेटा, त्याच वह्या घेऊन, आणि त्या तीन ओळी परत वाचा. काही प्रश्न तसेच असतील, पुढचं पान काढा आणि परत लिहा.

आणि दिवाळीच्या आधी सेविकेला फोन करा. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात, मग लाल पट्टीतली लेकरं कुठे गेली ते कळायला वेळ लागतो, म्हणून आधी. कोणती बाळं सुधारली विचारा, आणि पुढच्या पावसाळ्यात काय लागेल ते तिलाच विचारून लिहून घ्या. ती सांगेल तेवढंच न्या, वजनकाटा म्हणाली तर वजनकाटा, रेनकोट म्हणाली तर रेनकोट. जुने कपडे तिने मागितले नसतील तर ते पोतं घरीच राहू द्या, दरवर्षी मी हे सांगते आणि दरवर्षी कुणीतरी ते पोतं गाडीच्या टपावर बांधतंच.